चौदातून आठ

पोह्यांच्या बशा बाजूला सारून माझ्या लेकीनं टेबलावर एक लांबट पाकीट ठेवलं. लेबलावर एवढंच लिहिलं होतं : एच १२८ डब्ल्यू - १४ ए. महिन्याभरासाठी आमच्याकडे आलेल्या माझ्या मामांनी चष्मा चढवला, ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "पोरी, यातला रेटा कुठला आणि वेळ कुठली?"

दुसऱ्या कुणाला हा प्रश्न सुचला नसता. मामांची अख्खी नोकरी वालचंदनगरच्या कारखान्यात झाली. इंदापूर तालुक्यातल्या त्या उसाच्या मुलखात साखर कारखान्यांची यंत्रं होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथंच इस्रोच्या रॉकेटांची पोलादी मोटर केसिंगही होतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची मोटर २.८ मीटर व्यासाची असते. पाच तुकडे एकावर एक जोडून ती उभी करतात आणि तिच्या पोटात सुमारे १३८ टन घन इंधन मावतं. मामा तपासणी खात्यात होते. असल्या नळकांड्यांची गोलाई मोजण्यात त्यांचे दिवस गेले.

लेकीनं पाकिटाशेजारी ठेवलेली ॲल्युमिनियमची केसिंग २९ मिलिमीटर व्यासाची होती. मामांनी ती तळहातावर घेतली, अंगठ्यानं फिरवली, खिडकीकडे धरून आरपार पाहिलं.

"घाट तोच आहे की," ते म्हणाले.

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. लेक एकोणीस वर्षांची आहे, मेकॅनिकल शिकते आणि दोन वर्षांपासून तिला हाय-पॉवर रॉकेटांचा नाद आहे. अमेरिकेत हा नाद कुणाच्या परसात चोरूनमारून चालत नाही. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही संस्था १९५७ सालची आणि ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन १९६४ साली पेनसिल्व्हेनियात सुरू झालेली. मोठ्या मोटरी हाताळायच्या असतील तर या दोहोंपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राच्या पातळ्या तीन. पहिलीला एच किंवा आय वर्गातली मोटर. दुसरीला लेखी परीक्षा, मग जे, के किंवा एल. तिसरीला एम, एन किंवा ओ, आणि त्यासाठी दोन जाणते सभासद तुमचा आराखडा आधी तपासतात.

पहिल्या पातळीला लेखी काही नसतं. रॉकेट स्वतः बांधायचं आणि साक्षीदारांसमोर उडवायचं. ते सरळ गेलं पाहिजे, पॅराशूट उघडलं पाहिजे आणि खाली आलेलं रॉकेट उचलून तपासनिसाच्या हातात देता आलं पाहिजे. तो ते उलटंसुलटं करून एकच गोष्ट बघतो : आत्ता दुसरी मोटर दिली तर हे असंच्या असं पुन्हा उडेल का? किती उंच गेलं याला गुण नाहीत. मोटर निवडताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. लेक मागच्या खेपेला विसरली होती. मीही विसरले होते.

आता त्या लेबलाकडे येऊ.

पहिलं अक्षर मोटरचा एकूण आवेग सांगतं, म्हणजे रेटा गुणिले तो जितका वेळ टिकतो तो वेळ. ए वर्गाची कमाल २.५ न्यूटन-सेकंद. बी त्याच्या दुप्पट, सी त्याच्या दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट लहानपणी ऐकलेली असते, तिच्यासारखंच हे आहे. शाळकरी मुलं पुठ्ठ्याच्या रॉकेटात घालतात ती सी, म्हणजे जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद. जी १६० ला संपते. १६० ते ३२० एच, ३२० ते ६४० आय. हौशी माणसाला प्रमाणपत्रावर मिळणारं शेवटचं अक्षर ओ, ते ४०,९६० ला संपतं. मामांनी वहीत आकडे मांडत पीएसएलव्हीचा पहिला टप्पा या शिडीवर बसवून पाहिला. झेड संपल्यावरही दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागल्या. तोवर चहा निवून गेला होता.

अक्षरापुढचा आकडा सरासरी रेट्याचा, न्यूटनमध्ये. १२८ न्यूटन म्हणजे साधारण तेरा किलोचं ओझं जितकं खाली दाबेल तितका जोर. या मोटरचा एकूण आवेग १७५ च्या आसपास आहे. १७५ ला १२८ नं भागलं की ती किती वेळ जळणार ते कळतं : दीड सेकंदही नाही.

नवख्या माणसाला अक्षर दिसतं आणि आकडा दिसत नाही, इथंच घोटाळा होतो. आय ६५ नावाची एक मोटर आहे. अक्षर एचच्या पुढचं, आवेग आय वर्गाच्या जवळजवळ वरच्या टोकाचा. पण रेटा अवघा ६५ न्यूटन आणि तो नऊ-दहा सेकंद पुरवून पुरवून वापरायचा. दोन-सव्वादोन किलोच्या रॉकेटाखाली ती लावली तर रेटा वजनाच्या जेमतेम तिप्पट होतो. उड्डाणाच्या क्षणी रेटा वजनाच्या तिपटीपेक्षा कमी नको असा सुरक्षा-नियम आहे, आणि अनुभवी माणसं पाचपटीच्या खाली उतरत नाहीत. त्याचं कारण वाऱ्यात आहे. रॉकेटाचे पंख हवेला कापत जातात तेव्हाच ते सरळ राहतं आणि त्यासाठी अंगात वेग असावा लागतो. रॉकेट उभं करतात त्या दोन-अडीच मीटरच्या रेलवरून सुटताना सेकंदाला निदान पंधरा मीटर वेग हवा. तो नसला तर पहिल्याच झुळकीला रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि वर जायचं ते आडवं निघतं. आजोळच्या दिवाळीत बाटलीत उभा केलेला बाण कधी कधी शेजारच्या गच्चीवर जायचा, तोही असाच. बाटलीच्या तोंडातून सुटताना त्याला पुरेसा वेग मिळालेला नसायचा.

डब्ल्यू म्हणजे इंधनाची जात. ही मोटर करणाऱ्या कंपनीच्या इंधनांत पांढऱ्या लखलखीत ज्वाळेचं व्हाइट लाइटनिंग आहे, निळसर झोताचं आणि झटक्यात जळणारं ब्लू थंडर आहे, लाल रेडलाइन आहे, काळा धूर सोडणारं ब्लॅक जॅक आहे आणि ठिणग्यांचा फवारा उडवणारंही एक आहे. मुलं रंगावर भाळतात. त्यात वावगं काहीच नाही, आपणही शोभेची दारू रंगासाठीच आणतो. मात्र वाळलेल्या गवताच्या मैदानावर ठिणग्यांची मोटर लावू देत नाहीत. आणि पांढऱ्या धुराची मोटर निवडण्यामागे एक शहाणपण आहे. निळ्या आभाळात तिची रेघ नजरेला सापडते आणि रॉकेट कुठं गेलं ते कळतं.

शेवटी राहिलं १४ ए. त्याच्याकडे नंतर वळते, कारण माझ्या मते सगळी परीक्षा तिथं आहे.

०

या मोटरींच्या पोटात काय असतं, हे मामांना बघायचंच होतं. लेकीनं पाकीट फोडून इंधनाचे दंडगोल टेबलावर काढले. खोडरबरापेक्षा थोडे कडक, राखाडी, मधोमध आरपार भोक. अमोनियम परक्लोरेट हे प्राणवायू पुरवणारं मीठ, थोडी ॲल्युमिनियमची पूड आणि सगळ्याला बांधून ठेवणारं एचटीपीबी नावाचं रबर. हे नाव ऐकताच मामा सावरून बसले. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात याच कुळीचं इंधन असतं. ते केरळातल्या आलुव्याच्या परक्लोरेटच्या कारखान्याबद्दल बोलले, पाषाणजवळ सुतारवाडीत घन इंधनांवर काम करणाऱ्या संरक्षण प्रयोगशाळेबद्दल बोलले. लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी रॉकेटचा मुलूख नेवाडा, युटा आणि टेक्सास. आपल्या आजोळच्या बाजूला हे सगळं आहे, हे ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होती.

हौशी रॉकेटांची सुरुवात मात्र या इंधनानं झाली नाही, साध्या काळ्या दारूनं झाली. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे ऑर्व्हिल कार्लाइल हे चपला-बुटांचे दुकानदार. त्यांनी १९५४ मध्ये पुठ्ठ्याचं, पॅराशूटनं परत येणारं, मोटर बदलून पुन्हा पुन्हा उडवता येणारं रॉकेट केलं. त्यांनी ते जी. हॅरी स्टाइन यांना पाठवलं. स्टाइन व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर सुरक्षेचं काम बघत. घरच्या घरी नळीत दारू ठासून बोटं आणि डोळे गमावणाऱ्या मुलांची त्यांना मनापासून काळजी वाटत होती. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक गेला आणि अमेरिकेतल्या प्रत्येक पोराला रॉकेट करायची घाई झाली. कारखान्यात एकसारखी भरलेली, तपासलेली, दुकानात विकत मिळणारी मोटर हा त्यावरचा उपाय होता. डेन्व्हरच्या व्हर्न एस्टीझ यांनी मोटरी भरणारं यंत्र उभं केलं. त्याचं लाडाचं नाव मेबल. या हौसेचं मूळ तत्त्व तेव्हाच ठरलं : रॉकेट तुमच्या हातचं, मोटर कारखान्याची.

मोठ्या मोटरी पुढच्या पिढीनं आणल्या. जुन्या मंडळींना त्या फार धोक्याच्या वाटत. १९८२ साली ओहायोतल्या मेडिना इथं काही जणांनी मोठ्या रॉकेटांचा मेळावा भरवला, त्याचं नावच लार्ज डेंजरस रॉकेट शिप्स ठेवलं. तो मेळावा आजही भरतो. मोठ्या मोटरींचं प्रकरण मात्र पुढं कायद्याच्या दारात गेलं. स्फोटकांवर नियंत्रण ठेवणारं केंद्रीय खातं या मोटरींतलं परक्लोरेटचं संमिश्र इंधन स्फोटकांच्या यादीत धरत असे. मोटरमध्ये ६२.५ ग्रॅमहून जास्त इंधन असेल तर परवाना, ठेवायला मंजूर कोठी, घरी तपासणी. दोन्ही संस्थांनी २००० साली खात्यावर दावा लावला. त्यांचं म्हणणं साधं होतं : हे इंधन जळतं, त्याचा स्फोट होत नाही. २००६ मध्ये वरिष्ठ न्यायालयानं खात्याला तुमची कारणं पुरेशी नाहीत असं सुनावलं आणि १६ मार्च २००९ रोजी न्यायाधीश रेजी वॉल्टन यांनी हे इंधन यादीतून काढायला लावलं. नऊ वर्षं. सभासदांनी पदरचे पैसे घालून तो दावा लढवला. माझ्या स्वयंपाकघरात ते राखाडी दंडगोल टेबलावर पडले होते ते त्या लढ्याच्या पुण्याईनं, आणि हे लेकीला माहीत असावं म्हणून मी तिला त्या निकालाची सगळी हकीकत वाचायला लावली.

०

पहिल्या प्रयत्नाची गोष्ट सांगायलाच हवी.

मार्चमध्ये लेकीनं आय वर्गातली ३८ मिलिमीटरची मोटर निवडली होती. एकूण आवेग सहाशेच्या घरात. प्रमाणपत्र एच आणि आय या दोन्हींवर मिळतं, मग वरची का घेऊ नये? तिचा हिशेब असा होता आणि मला तो बरोबर वाटला. संगणकावर उंची नऊशे मीटर दिसत होती. ओपनरॉकेट हे विनामूल्य सॉफ्टवेअर २००९ मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून आलं, पुष्कळ जण तेच वापरतात. ती मोटर भरल्यावर अर्ध्या किलोच्या वर गेली आणि ते सगळं वजन शेपटीला. रॉकेटचा गुरुत्वमध्य हा दाबमध्याच्या, म्हणजे हवेचा जोर जिथं एकवटतो त्या बिंदूच्या, पुढं, निदान एका नळीच्या जाडीइतका पुढं असावा लागतो, नाहीतर ते हवेत गटांगळ्या खातं. दाबमध्य काढायची सुटसुटीत समीकरणं १९६० च्या दशकात नासातल्या जेम्स बॅरोमन यांनी हौशी मंडळींसाठी मांडली. शेपूट जड झाली म्हणून लेकीनं नाकात वजन भरलं. म्हणजे मोठ्या मोटरसाठी रॉकेट आणखी जड झालं.

उड्डाण देखणं झालं. रेघ सरळ वर गेली, पॅराशूट टोकावर उघडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पॅराशूटवर रॉकेट सेकंदाला साधारण पाच मीटरनं उतरतं. नऊशे मीटर उतरायला तीन मिनिटं. दुपारचा वारा ताशी पंचवीस किलोमीटर होता, म्हणजे नियमात बसणारा, कारण मर्यादा बत्तीसची आहे. तीन मिनिटांत तो वारा रॉकेटला सव्वा किलोमीटर घेऊन गेला. झुडपांच्या पट्ट्यापलीकडे लाल पॅराशूटचा ठिपका दिसेनासा झाला. आम्ही संध्याकाळपर्यंत चाललो. रॉकेट सापडलं नाही, प्रमाणपत्र मिळालं नाही. परतताना गाडीत लेक एक शब्द बोलली नाही.

या खेपेला तिनं हिशेब उलट्या टोकानं सुरू केला. मैदान केवढं आहे? वारा किती असेल? पायी जाऊन किती लांबून आणता येईल? त्यावरून उंची ठरली, सव्वातीनशे मीटर. उंचीवरून मोटर ठरली. दहा सेंटीमीटर जाडीचं, मोटरसकट दीड किलोचं रॉकेट, वजन पंधरा न्यूटन. रेटा १२८, साडेआठपट. रेलवरून सुटताना वेग सेकंदाला सतरा मीटर. उतरायला एक मिनिट आणि वर पाच सेकंद. तोच वारा धरला तरी साडेचारशे मीटर. मामांनी वहीत स्वतः गुणाकार करून पाहिला आणि मान हलवली.

आता १४ ए.

इंधन संपल्यावर रॉकेट लगेच थांबत नाही, अंगातल्या वेगानं वर जात राहतं. या अवधीत मोटरच्या डोक्याशी बसवलेली विलंबाची वडी हळूहळू जळत, धूर सोडत जाते. ती संपली की पुढच्या खळग्यातल्या चिमूटभर काळ्या दारूला आग लागते, त्या दाबानं रॉकेटचं नाक सुटतं आणि पॅराशूट बाहेर फेकलं जातं. १४ म्हणजे चौदा सेकंदांची वडी. ए म्हणजे ती कोरून कमी करता येते. कमी करता येते, वाढवता येत नाही.

लेकीच्या रॉकेटला इंधन संपल्यापासून माथ्यावर पोचायला साडेसहा सेकंद लागणार होते. चौदा तसेच ठेवले तर? माथा गाठून ते नाकावर उलटं होईल, आणखी साडेसात सेकंद कोसळत राहील आणि जमिनीपासून शंभर मीटरांच्या आत, ताशी एकशे नव्वद किलोमीटर वेगात असताना पॅराशूट उघडेल. त्या हिसक्यानं दोरी पुठ्ठ्याची नळी उभी चिरत जाते. इथले लोक त्याला झिपर म्हणतात. नळी चिरली की प्रमाणपत्र गेलं.

कोरायच्या हत्यारानं दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी कमी करता येतं. म्हणजे सहा ठेवायचे की आठ? सहा ठेवले तर रॉकेट माथ्याच्या जरा आधी, सेकंदाला पाच मीटरनं वर जात असताना नाक सुटेल. आठ ठेवले तर माथ्यानंतर, साधारण चौदा मीटरनं खाली येताना. दोन्ही चालण्यासारखं वाटतं. पण वडी दीड सेकंद लवकर किंवा उशिरा जळू शकते. सहाचे साडेचार झाले तर वेग एकवीस मीटर. आठचे साडेनऊ झाले तर सत्तावीस, म्हणजे ताशी सत्त्याण्णव किलोमीटर, आणि तोंड जमिनीकडे. लेकीनं सहा ठरवले. चौदातून आठ वजा.

रात्री तिनं मोटर जोडली. ओ-रिंगना, म्हणजे सांध्यांतल्या रबरी कड्यांना, ग्रीस लावताना मामा तिच्या खांद्यावरून पाहत होते. "केस नको अडकायला त्यात," ते म्हणाले, "एक केस पुरतो." तिनं प्रत्येक रिंग दिव्याखाली फिरवून पाहिली. मग ते पितळेच्या रंगाचं छोटं हत्यार डोक्याकडच्या भोकात घालून बोटांनी सावकाश फिरवायला सुरुवात केली. कागदावर करड्या भुकटीची बारीक ढिगली पडत गेली, चहाच्या चमच्यात मावेल एवढीशी. आठ सेकंद म्हणजे ती भुकटी. मामांनी कागद दुमडून ती बाजूला ठेवली, कचऱ्यात टाकू दिली नाही. काळी दारू मैदानावर जाऊनच भरायची होती.

०

लुसर्न ड्राय लेक हे मोहावी वाळवंटातलं वाळलेलं तळं. सॅन बर्नार्डिनोचे डोंगर ओलांडले की पलीकडे, साडेआठशे मीटर उंचीवर. पाणी कधीकाळी होतं. आता मैलभर सपाट, भेगाळलेली, पिवळट माती आहे, भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी ठिकठिकाणी सुटलेली. सकाळी सातला वारा पडलेला असतो. दुपारी वावटळी उठतात. म्हणून सगळे पहाटे पोचतात.

मी तिथं तासभर फिरले. साठीतले दोन गृहस्थ एका एम मोटरचं रॉकेट पाळण्यात निजवल्यासारखं ठेवून त्याच्या पोटात दोन वेगवेगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बसवत होते, एक दगावलं तर दुसरं असावं म्हणून. एक बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलाला पॅराशूटला पावडर लावायला शिकवत होती. लावली की थंडीत कापड चिकटत नाही. एका ट्रेलरमधून मोटरी विकणाऱ्या माणसानं मला सांगितलं की पहिल्या पातळीला येणारी निम्मी मुलं त्याच्याकडे मोठी मोटर मागतात. तो आधी रॉकेट बघायला मागतो, मगच विकतो.

नऊच्या सुमाराला एक रॉकेट गेलं. काळं, चकचकीत, मेहनतीनं रंगवलेलं. धुराची रेघ माथ्यावर वळली आणि खाली आली, नाक सुटलं नाही. भोंग्यावरून "वर बघा" असा पुकारा झाला आणि तीनेकशे माणसं एकदम उभी राहून आभाळाकडे बोट दाखवायला लागली, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला दिसावं. पॅराशूट उघडलं ते अगदी खाली. फाटल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. तो तरुण चालत जाऊन रॉकेट घेऊन आला तेव्हा नळी हातभर चिरली होती. "कोरायचं राहून गेलं," एवढंच तो म्हणाला. त्याच्या हातातलं ते काळं रॉकेट पाहून माझ्या पोटात कालवलं. त्याला रंग द्यायला किती रात्री लागल्या असतील, ते मला माहीत होतं.

सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलासमोर रांग होती. लेकीचा नंबर आला. त्यानं रॉकेट हातात घेतलं, पंख एकेक करून जोरानं हलवून पाहिले, गुरुत्वमध्य बोटावर तोलला, मोटर मागून निसटणार नाही ना म्हणून पेचाची टोपी पिळून पाहिली. मग विचारलं, "विलंब किती?"

"सहा. चौदातून आठ कोरले."

"सहाच का?"

तिनं कारण सांगितलं. साडेचार, साडेनऊ, एकवीस, सत्तावीस. त्यानं कार्डावर सही केली. मामांना त्यांचं इंग्रजी भरभर कळत नव्हतं, पण आकडे कळले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्याकडं पण असंच विचारायचे."

रॉकेट रेलवर चढलं. लेकीनं इग्नायटर इंधनाच्या भोकातून पार वरपर्यंत सारला, तारा जोडल्या, किल्ली फिरवली आणि मागे आली. एच मोटरला किमान शंभर फूट अंतर राखायचं असतं. लहानपणी वात पेटली की मामा माझं मनगट धरून मला मागे ओढायचे. आता त्यांचं मनगट मी धरलं होतं.

पाचापासून उलटी मोजणी झाली. पांढरा झोत, आणि आवाज छातीत आधी, कानात नंतर. सव्वा-दीड सेकंदात तो संपलाही. मग शांतता आणि धुराची बारीक रेघ, वर वर जाणारी. मी मनात मोजत होते. एक. दोन. तीन. चार. पाच. रेघ अजून सरळच होती, किंचित मंदावत चाललेली. सहा. एक छोटा पांढरा फुगा फुटल्यासारखा दिसला आणि त्याचा 'ठप्' आवाज मागाहून सेकंदभरानं आला. नारिंगी पॅराशूट पसरलं. तोवर लेकीनं माझा दंड घट्ट धरला होता आणि तिला ते माहीत नव्हतं.

ते एक मिनिटाहून थोडं अधिक खाली येत राहिलं. वारा नव्हताच. मैदानातच, आमच्यापासून दीडशे पावलांवर टेकलं. लेक पळत निघाली, मग थांबली, मामांसाठी परत आली आणि त्यांना सोबत घेऊन गेली.

तपासनीस बाईंनी नळीत हात घालून दोरी ओढून पाहिली. जळलेली आहे का, गाठ सैल झाली आहे का. पंख हलवले. मोटर जागेवर आहे ना ते पाहिलं. एका पंखाला मातीचा पापुद्रा चिकटला होता, तो नखानं काढला. "आता दुसरी मोटर दिली तर उडवशील?" त्यांनी विचारलं. लेक म्हणाली, "आत्ताच." बाईंनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली, दुसऱ्या साक्षीदारानंही केली.

घरी यायला संध्याकाळ झाली. लेकीनं केसिंग उघडून आतली जळकी नळी ढकलून बाहेर काढली आणि पाण्यात व्हिनेगर घालून केसिंग त्यात बुडवली. स्वयंपाकघरभर तो आंबूस, धुरकट वास पसरला. मामांनी ती बाहेर काढली, फडक्यानं आतून-बाहेरून कोरडी केली, पुन्हा खिडकीकडे धरून पाहिली.

"व्हर्नियर आहे का घरात?"

लेकीनं तिचं डिजिटल माप आणून दिलं. त्यांनी केसिंगच्या तोंडाशी व्यास घेतला, ती चतकोर फिरवली, परत घेतला. मग दुसऱ्या तोंडाशी तसंच. चारही मापं वहीत एकाखाली एक लिहिली, खाली तारीख टाकली.

"गोल आहे," ते म्हणाले. "वापर अजून."